शाळा मुलाच्या दारी

मूल शिकते कसे, हा प्रश्न विचारण्याचे आपल्याकडे पूर्वी कोणास फारसे कारण पडत नसे. पंतोजींनी सांगावे आणि मुलांनी घोकावे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवावयाचे, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत पाढे म्हणावयाचे, आणि चुकले की हात पुढे करावयाचा. या शाळेतून हिशेबात पक्की आणि मोडीत तरबेज अशी माणसे निर्माण झाली, हे खरे. परंतु किती मुले तेथवर पोचलीच नाहीत, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. शाळा एका जागी असे, गुरुजी एका जागी असत, आणि मुलाने तेथे जावयाचे असे. ते गेले नाही, किंवा जाऊन रमले नाही, तर दोष मुलाचा, नाहीतर त्याच्या आईबापांचा. शाळेचाही काही दोष असू शकेल, ही शंका सहसा कोणाला शिवत नसे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही शंका ज्या थोड्या माणसांना मनापासून शिवली, त्यांत दोन मराठी स्त्रिया होत्या. एकीचे नाव ताराबाई मोडक आणि दुसरीचे अनुताई वाघ. पुढे या दोघींचे नाव बोर्डी आणि कोसबाड या गावांशी कायमचे जोडले गेले. परंतु त्यांच्या सहकार्याचा आरंभ मुंबईच्या उपनगरात, बोरिवलीस झाला, हे उपनगरातील फार थोड्या लोकांच्या ध्यानी असेल.

ते साल १९४५ होते. बोरिवली त्या वेळी मुंबई शहराच्या हद्दीत नव्हती. ती बृहन्मुंबईत आली १९५७ साली. स्टेशनाच्या आसपास वस्ती, पलीकडे शेते आणि वाड्या, आणि पूर्वेस डोंगराचे रान, असे तिचे स्वरूप होते. त्याच्या आदल्या वर्षी, २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, पुण्यास आगाखान महालातील बंदिवासात कस्तुरबा गांधी निवर्तल्या होत्या. त्यांच्या स्मरणार्थ देशभर निधी जमला आणि तो खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्या सेवेसाठी वापरावा असे ठरले. या कामास सेविका हव्यात, म्हणून त्यांच्या शिक्षणासाठी शिबिरे भरू लागली. असेच एक शिबिर बोरिवलीस भरले. तेथे त्रेपन्न वर्षांच्या ताराबाई आणि पस्तीस वर्षांच्या अनुताई यांची गाठ पडली.

ताराबाईंचा जन्म मुंबईचा, १९ एप्रिल १८९२ चा. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थनासमाजातील एक पुढारी. घरात सुधारणेचे वारे असल्यामुळे मुलीच्या शिक्षणास आडकाठी आली नाही, आणि १९१४ साली ताराबाई पदवीधर झाल्या. लग्नानंतर काही वर्षे त्या अमरावतीस होत्या. पुढे संसाराची घडी विस्कटली आणि त्या राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयात गेल्या. तेथे मानाची जागा होती, वेतन होते. तरीही १९२३ साली ते सर्व सोडून त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाल्या.

हे गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला शिकवावे कसे, या विचारातून ते शिक्षणाकडे वळले, आणि १९२० साली त्यांनी भावनगरास बालमंदिर काढले. मिशा राखणारा हा पुरुष मुलांत इतका मिसळून गेला की लोक त्याला ‘मूछाळी माँ’, म्हणजे मिशाळ आई, म्हणू लागले. गिजुभाईंना वाट दाखविली ती इटलीतील विदुषी मारिया माँटेसरी यांच्या ग्रंथांनी. माँटेसरीबाई व्यवसायाने डॉक्टर होत्या. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या मजूरवस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. दिवसभर आईबाप कामावर गेले म्हणजे जी मुले जिन्यांतून आणि गल्ल्यांतून भटकत, त्यांच्यासाठी ते होते.

तेथे बाईंनी शिकविण्याआधी पाहण्याचे काम केले. तीन वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे त्यांच्या त्यांच्या खाचेत बसवीत होती. सगळे बसले की काढी, आणि पुन्हा बसवी. तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, भोवती इतर मुलांना गाणे म्हणावयास लावले. पण तिचे लक्ष ढळले नाही. चाळीसहून अधिक वेळा तेच करून ती आपण होऊन थांबली, आणि तिच्या चेहऱ्यावर थकव्याऐवजी विश्रांती घेऊन उठल्यासारखे समाधान होते. लहान मुलाचे मन चंचल असते, त्याला धाकानेच बसवावे लागते, या समजुतीला त्या मुलीने धक्का दिला. आपल्या वाढीला हवे ते काम हाती पडले म्हणजे मूल स्वतःच त्यात बुडते. ते हातांनी शिकते, वस्तू हाताळून शिकते, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करून शिकते. दट्टा चुकीच्या खाचेत गेला तर शेवटचा दट्टा बसत नाही, म्हणजे चूक दाखविण्यास मास्तरांच्या आवाजाची गरज उरत नाही. मग शिक्षकाचे काम काय? योग्य वस्तू योग्य वेळी मुलाच्या हाताशी ठेवणे, आणि ते कामात गढले की बाजूला होणे.

गिजुभाई आणि ताराबाई यांनी हा विचार गुजरातेत आणि महाराष्ट्रात रुजविला. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालविली. १९३६ साली त्या मुंबईस आल्या आणि दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केला. तेथेच बालशिक्षिका तयार करण्याचेही काम चाले. सुशिक्षित घरांतील आईबापांना आपले मूल तेथे घालण्यात भूषण वाटू लागले. तीन वर्षांच्या मुलाला शाळा कशाला, असे विचारणारे लोक दहा वर्षांत प्रवेशासाठी खटपट करू लागले. बाहेरून पाहणाऱ्यास हे यशच वाटले असते.

परंतु या यशातच ताराबाईंना एक उणीव दिसली. जी पद्धती रोमच्या मजूरवस्तीत जन्मली, ती हिंदुस्थानात येताच सुखवस्तू लोकांची झाली होती. तिची साधने महाग. ती नेमक्या मापाने घडविलेली, रंगविलेली. ती ठेवावयास फळ्या आणि कपाटे हवीत, आणि ती मांडावयास स्वच्छ, ऐसपैस खोली हवी. खेड्यातील झोपडीत हे कोठून येणार? १९३१ साली लंडनमध्ये माँटेसरीबाईंच्या संस्थेत बोलताना गांधीजींनी, हे शिक्षण हिंदुस्थानातील गरिबांच्या मुलांपर्यंत पोचावे, अशी इच्छा व्यक्त केली होती. तो प्रश्न अनुत्तरितच होता. आपण मूठभर मुलांचे बालपण सुंदर केले, पण बाकीच्यांचे काय, हे कोडे घेऊन ताराबाई बोरिवलीच्या शिबिरात आल्या होत्या.

अनुताईंचे आयुष्य निराळ्याच वाटेने आले होते. १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न आणि त्यानंतर काही महिन्यांतच वैधव्य. त्या काळी अशा मुलीचे पुढील सारे आयुष्य घरच्या कोपऱ्यात ठरून गेलेले असे. अनुताईंच्या घरच्यांनी तिला शिकू दिले. अध्यापनाचे शिक्षण घेऊन त्यांनी प्रथम नाशिक जिल्ह्यात आणि नंतर पुण्यास हुजूरपागेत शिक्षिकेचे काम केले. दिवसा शिकवीत असता रात्रीच्या शाळेत जाऊन त्या मॅट्रिक झाल्या. खेड्यातील मुले, दारिद्र्य, रूढी यांचा अनुभव त्यांना पुस्तकातून घ्यावयाचा नव्हता. ताराबाईंजवळ शास्त्र होते आणि प्रश्न होता. अनुताईंजवळ कष्टाची तयारी होती आणि मागे ओढणारा पाश नव्हता. शिबिरानंतर अनुताई त्यांच्याबरोबर बोर्डीस गेल्या, आणि जन्मभर त्या कामातच राहिल्या.

बोर्डी हे समुद्रकाठचे गाव, बोरिवलीच्या उत्तरेस लोहमार्गाने सुमारे १०० किलोमीटर. त्या वेळी ते ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. गावात चिकूच्या बागा होत्या आणि आचार्य शं. रा. भिसे यांच्यासारख्या ध्येयनिष्ठ शिक्षकांनी नावारूपास आणलेले विद्यालयही होते. परंतु गावाबाहेर पडताच दुसरे जग सुरू होई. डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतील वारली लोक जमीनदारांच्या शेतावर आणि जंगल ठेकेदारांच्या कुपात वेठीने राबत. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको जन्मभर सावकाराचे बांधील होत. १९४५ सालीच गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली या लोकांनी वेठीविरुद्ध लढा उभारला. मोठी माणसे अन्यायाविरुद्ध उभी राहत होती त्याच सुमारास, त्याच मुलुखात, त्यांच्या लहानग्यांसाठी एक बालवाडी उघडत होती. या दोन प्रयत्नांचे मार्ग भिन्न होते, तरी दोहोंच्या तळाशी एकच प्रश्न होता: ही माणसे माणसांत गणली जाणार की नाही?

बोर्डीस बालवाडी निघाली आणि गावातील मुले येऊ लागली. मात्र ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, ती हरिजन वस्तीतील आणि आदिवासी पाड्यांवरील मुले येईनात. जुन्या रीतीचा शिक्षक असता तर म्हणाला असता, ‘शाळा काढली, घंटा वाजविली, आणखी काय करावयाचे?’ या बायकांनी कारण शोधले. आई पहाटे कामावर जाते, तेव्हा सहा वर्षांची मुलगी वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन घर राखते. अंगावर धड वस्त्र नाही. गावातील चांगल्या कपड्यांच्या मुलांत बसावयाची लाज, आणि त्याहून अधिक, हाकलून देतील ही भीती. मूल येत नव्हते ते शिकण्याची इच्छा नाही म्हणून नव्हे. त्याच्या आणि शाळेच्या मधले अंतर त्याच्या पायांना झेपणारे नव्हते.

तेव्हा ताराबाईंनी ठरविले की ते अंतर शिक्षिकेने चालावे. बालवाडी वस्तीतच न्यावयाची. एखाद्या घरापुढील अंगण झाडून सारवून घ्यावयाचे आणि तेथेच मुले जमवावयाची. या प्रकाराला त्यांनी ‘अंगणवाडी’ असे नाव दिले. धाकट्या भावाला सांभाळणारी मुलगी त्याला मांडीवर घेऊनच बसे. आई कामावरून आली की दारातूनच काय चालले आहे ते पाही, आणि परक्या बाईंविषयीचा संशय हळूहळू ओसरे.

दिवसाचा आरंभ अक्षरांनी होत नसे, पाण्याने होई. आंघोळ घालावयाची, नखे कापावयाची, केस विंचरावयाचे. शहरी मनुष्यास हे शिक्षणाचे काम वाटणार नाही. वस्तुतः जे मूल खरजेने हैराण आहे, त्याला कोणती वस्तू एकाग्रतेने हाताळता येईल? शिवाय परक्या माणसाने मायेने अंगावर पाणी घालणे, हा त्या मुलाच्या आयुष्यातील पहिला मोठा धडा होता: आपण कोणाला तरी हवे आहोत. हा धडा शिकल्यावाचून पुढचा एकही धडा पचत नाही.

साधनांचे कोडेही तेथेच सुटले. समुद्रावर शिंपले आहेत, रानात बिया आहेत, पाने, फुले, खडे, काड्या आहेत. माँटेसरीबाईंच्या महागड्या साधनांमागील तत्त्व काय, हे ज्याला समजले त्याला त्या साधनांवाचून अडत नाही. लहानापासून मोठ्यापर्यंत ठोकळे रचावयाचे, तर शिंपलेही तसे रचता येतात. सारख्या रंगाच्या जोड्या लावावयाच्या, तर पाने आणि फुले आहेतच. दहा खडे आणि दहा काड्या जुळवताना ‘दहा’ ही संख्या दोहोंपासून सुटून मुलाच्या मनात उभी राहते. पाढा तोंडपाठ असलेल्या मुलालाही पुष्कळदा ही संख्या कधी भेटलेली नसते. वाळूत बोट फिरवून अक्षर काढताना तर जुन्या पंतोजींची धूळपाटीच परत आली. फरक इतकाच की आता बोट भीतीने फिरत नव्हते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुलाला मोकळे सोडावयाचे म्हणजे शिक्षकाने स्वस्थ बसावयाचे, असा अर्थ काहीजण करतात. खरी गोष्ट उलट आहे. चाळीस मुलांना एकच ओळ एका सुरात म्हणावयास लावणे हे सर्वांत कमी श्रमाचे काम आहे. त्यांतील प्रत्येकाचा हात आज कोठवर पोचला आणि उद्या कोठवर पोचेल हे पाहून त्याप्रमाणे वस्तू मांडून ठेवणे, यास रोजची तयारी लागते. रशियातील मानसशास्त्रज्ञ विगॉट्स्की यांनी १९३० च्या सुमारास हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडली: मूल आज जे दुसऱ्याच्या मदतीने करते, ते उद्या एकट्याने करील, शिक्षणाची खरी जागा या दोहोंच्या मध्ये आहे. फार अलीकडे हात दिला तर मूल पांगळे होते, आणि फार पलीकडे उभे राहून हाक मारली तर ते खचते. ही मधली जागा प्रत्येक मुलाची निराळी असते, आणि ती ओळखणे हीच शिक्षकाची विद्या होय.

१९५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून आत, कोसबाडच्या टेकडीवर, ऐन आदिवासी मुलखात गेले. तेथे नवी अडचण उभी राहिली. थोडी मोठी मुले सकाळीच गुरे घेऊन कुरणात जात. त्यांना शाळेत बसविले तर गुरे कोणी राखावी? घरच्या पोटाचा प्रश्न त्या गुरांशी बांधलेला. तेव्हा शिक्षकच मुलांमागोमाग कुरणात गेले. झाडाच्या सावलीत फळा टेकला, गुरे नजरेच्या टप्प्यात चरू लागली, आणि शाळा भरली. ती ‘कुरणशाळा’. गुरांची संख्या हेच गणित, भोवतालचे गवत आणि पक्षी हेच निसर्गविज्ञान. गुराखी मुलाला रानाचे जे ज्ञान होते ते शिक्षकाला नव्हते. तेव्हा कित्येक वेळी शिष्य सांगे आणि गुरुजी ऐकत. यात गुरूची प्रतिष्ठा कमी झाली नाही. ज्याचे आपण ऐकतो, तो आपलेही ऐकतो.

याच विचारातून विकासवाडी घडली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात ठेविली. मोठी बहीण कडेवरच्या बाळाला पाळणाघरात ठेवी, मधल्या भावाला बालवाडीत पोचवी आणि स्वतः वर्गात जाऊन बसे. कागदावर ही योजना किती साधी दिसते! परंतु तिच्यामागे एक मोठा शोध आहे. मूल सुटे, एकटे शाळेत येत नाही. त्याचे सारे घर त्याच्याबरोबर येते. घराकडे पाठ फिरविणारी शाळा मुलाच्या अर्ध्या भागालाच शिकवीत असते.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण हा किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे देहावसान झाले. अनुताई कोसबाडलाच राहिल्या. पन्नाशी ओलांडल्यावर त्या पदवीधर झाल्या, १९८५ साली पद्मश्रीने सन्मानित झाल्या आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांनी इहलोक सोडला. बोरिवलीच्या शिबिरानंतर सत्तेचाळीस वर्षे हे व्रत अखंड चालले होते.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने ३३ गटांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिले ‘अंगणवाडी’. आज देशात अशी १३ लाखांहून अधिक केंद्रे आहेत. एका मराठी बाईने वस्तीतील अंगणाला दिलेले नाव आज भारतभर ऐकू येते. तथापि नावाबरोबर त्यामागील विचार सर्वत्र पोचला, असे म्हणता येत नाही. अंगणवाडी सेविकेच्या हाती आहार, वजन, लसीकरण आणि नोंदवह्या यांचा भार इतका असतो की शिंपले आणि बिया मांडावयास वेळ उरणे कठीण. आणि या साऱ्या कामाबद्दल तिला वेतन नव्हे, मानधन मिळते. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदाही सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. तीन ते सहा हा वयाचा जो काळ ताराबाईंनी सर्वांत मोलाचा मानला, तो कायद्याच्या उंबरठ्याबाहेरच राहिला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पाया मानला आहे. तो पाया अंगणात कसा भरला जातो, हे पुढील वर्षे सांगतील.

उपनगरातील घरांचा प्रश्न याच्या नेमका उलट आहे. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथील मुलाला साधनांची वाण नाही. रंगीत ठोकळे, चित्रांची पुस्तके, पडद्यावरची गाणी सर्व काही आहे. त्याला वाण आहे ती वेळेची. तीन वर्षांचे मूल दट्टा खाचेत बसविण्यात गढले असता ‘लवकर आटप, शाळेची गाडी आली’ अशी हाक येते. त्याला अक्षर यावे म्हणून सर्वांना घाई. त्याचा हात अक्षरासाठी तयार झाला की नाही, हे पाहण्यास कोणाला सवड नाही. शाळा येथे दाराशी आहे. तरी मूल जेथे आहे तेथे जाणारा मनुष्य दुर्मीळच आहे. पाड्यावरच्या मुलाचे शाळेपासूनचे अंतर वाटेचे होते. शहरातील मुलाचे अंतर मनाचे आहे. आणि तेही मोठ्या माणसानेच चालावयाचे आहे.

बोरिवलीच्या पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाच्या रानात आणि गोरेगावच्या आरे वसाहतीत वारल्यांचे पाडे आजही आहेत. उंच इमारतींच्या खिडक्यांतून ते रान दिसते. जेथे ते शिबिर भरले, त्या गावाने आज महानगराचे रूप घेतले. पण खिडकीतील मूल आणि पाड्यावरचे मूल यांची शिकण्याची रीत एकच आहे. दोघांनाही हाताळावयास काही हवे, पुन्हा पुन्हा करून पाहण्याची मोकळीक हवी, आणि आपल्या चुकीवर न रागावणारे एक माणूस जवळ हवे. १९४५ साली दोन स्त्रियांनी हे माणूस होण्याचे ठरविले, आणि मूल येत नाही असे दिसताच त्या स्वतः उठून त्याच्याकडे गेल्या. शिक्षकाचे कर्तव्य याहून मोठे नाही, आणि याहून सोपेही नाही.